घरातलं सातवं नाव

माझ्या हातून एका माणसाचं नाव मतदारयादीत लिहायचं राहिलं, हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. विसरून राहिलं असतं तर सांगितलंही असतं. मी ते समजून उमजून वगळलं होतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. भडगावहून एसटीने पाऊण तासावर, गिरणेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते. माहेर जळगावचं, वय बावीस, आणि घराबाहेर एकटीने राहायची पहिलीच वेळ. किराणा दुकान चालवणाऱ्या एका मारवाडी कुटुंबाने दुकानामागची खोली मला भाड्याने दिली होती. विधानसभेची निवडणूक जवळ येत होती आणि मतदारयाद्या नव्याने करायचं काम नेहमीप्रमाणे शिक्षकांवर आलं. गावाचा अर्धा भाग मुख्याध्यापकांनी घेतला, अर्धा मला दिला.

मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. म्हणजे माझंही नाव पहिल्यांदाच यादीत येणार होतं. दुकानामागच्या खोलीपाशी आले तेव्हा मी ते स्वतःच्याच हाताने, जरा जास्तच वळणदार अक्षरात लिहिलं. पुढे दोन दिवस मी गावातून अशी फिरत होते, की जणू ती निवडणूक मीच घेते आहे.

माझ्यासोबत पोलीस पाटील असायचे. कोण जिवंत, कोण वारलं, कोणती सून नव्याने आली, हे त्यांना तोंडपाठ. तिसऱ्या दिवशी आम्ही कुंभारगल्लीच्या टोकाच्या एका घरी गेलो. ओसरीवर घरची बाई तूर निवडत बसली होती. तिने सासूपासून सुरुवात करून नावं सांगितली. नवऱ्याचं नाव तिच्याऐवजी पाटलांनी सांगितलं. सहा नावं झाली. अंगणात निंबाखाली एक माणूस बाजेची सुंभं ताणत बसला होता. चाळिशीचा, डोक्याचे केस बारीक कापलेले, पाठ आमच्याकडे.

"आणि हे?" मी विचारलं.

बाईचा हात तुरीत थांबला. "त्या मन्हा जेठ शेतस," ती म्हणाली. मोठे दीर. मग आवाज खाली आणून, "त्यासले मत नही ऱ्हास, बाई. त्या जेलमाईन येल शेतस."

मी पाटलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "खुनाची जन्मठेप होती. दोन वर्षं झाली सुटून. चला."

मी वही मिटली. खून केलेल्या माणसाला मत नसणार, हे मला इतकं उघड वाटलं, की मनात प्रश्नसुद्धा उठला नाही. तो माणूस हाकेच्या अंतरावर होता. त्याने सगळं ऐकलं असणार. पण त्याने मान वळवली नाही, सुंभ ताणत राहिला.

वाटेत पाटलांनी मला सगळी हकीकत सांगितली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी भांडण झालं. शिवीगाळ, धक्काबुक्की, आणि हातात फावडं होतं तेच याने घातलं. एकच घाव. चुलतभाऊ तिथेच गेला. हा पळाला नाही, विहिरीच्या काठावरच बसून राहिला. तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या आत. लग्न ठरलं होतं ते मोडलं. धुळ्याला खटला चालला आणि पुढची चौदा वर्षं आत. सुटल्यावर काही महिने बोदवडला बहिणीकडे राहिला, कारण गावात यायची छाती होत नव्हती. मग आई आजारी पडली म्हणून आला आणि इथेच राहिला. ज्याला मारलं त्याची विधवा त्याच गल्लीत, चार घरं सोडून राहत होती.

महिन्याभराने कच्ची यादी चावडीच्या भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तो माणूस पटांगणात उभा दिसला. मुलं गेली तरी पायरी चढेना. शेवटी मीच बाहेर गेले.

"बाई, यादी वाचली मी," तो म्हणाला. "आमच्या घरात तुम्ही सहा माणसं लिहिलीत. आम्ही सात राहतो."

त्याची भाषा ऐकून मी चकित झाले. सगळं गाव अहिराणी बोलत असताना हा पुस्तकातल्यासारखं, मध्येच हिंदी शब्द घालून बोलत होता. इतकी वर्षं ठिकठिकाणच्या माणसांत राहून त्याची बोली पुसली गेली होती. गावातले लोक त्यावरून त्याची नक्कल करतात, हे मला नंतर कळलं.

"भाऊ, तुम्हाला मत नसतं," मी म्हणाले. "शिक्षा झालेल्यांना नसतं."

"आत असताना नव्हतं. ते बरोबर आहे," तो म्हणाला. "तीन निवडणुका गेल्या आमच्या आत. त्या दिवशी शिपायांच्या बोटांना शाई दिसायची, त्यावरून कळायचं की आज मतदान झालं. पण आता मी बाहेर आहे ना?" मग थोडा थांबून, अगदी मऊ आवाजात, "असं कुठं लिहिलंय, बाई? मला वाचता येतं. तिथं शिकलो. तुम्ही दाखवा, मी वाचतो आणि जातो."

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पाटील म्हणाले, त्याची भावजय म्हणाली आणि मला पटलं, एवढंच. "विचारून सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. तो बरं म्हणाला आणि गेला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा करून मी भडगावला कचेरीत गेले. तिथे एक वयस्कर अव्वल कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मी त्यांना कुणाचं नाव न सांगता, सहज शंका आहे अशा सुरात विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान उलगडलं आणि कायद्यातला मजकूर वाचून मला सोप्या शब्दांत सांगितला. जो माणूस तुरुंगात आहे किंवा पोलिसांच्या ताब्यात आहे, त्याला मत देता येत नाही. बाहेर आला की तो इतरांसारखाच मतदार. निवडणुकीतले काही गुन्हे सोडले तर बाकी चोरी असो, खून असो, काही फरक पडत नाही.

"आणि नुसता खटला चालू असेल, अजून गुन्हा शाबीत नसेल, पण माणूस आत असेल तर?" मी विचारलं.

"तरी नाही."

"मग ज्याने खून करून शिक्षा भोगली तो मत देणार, आणि ज्याने कदाचित काहीच केलं नाही तो देणार नाही?"

"कायदा मी केलेला नाही," ते म्हणाले. मग पुस्तक मिटता मिटता, "तुम्ही नाव वगळलंत ना कुणाचं?"

मी मान खाली घातली.

"बाई, तुम्हाला घरातली माणसं लिहायला पाठवलं होतं. न्यायाधीश कुणी केलं तुम्हाला?" ते चिडून बोलले नाहीत. पण त्या कचेरीत पाच-सहा माणसं बसलेली होती आणि माझे कान तापले. त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. "मुदत आहे अजून. भरून आणा."

सोमवारी मी त्याला शाळेत बोलावून घेतलं आणि आधी सरळ सांगून टाकलं, "चूक माझी होती." त्याला याची सवय नसावी. तो एकदम अवघडून म्हणाला, "नाही नाही, बाई, सगळ्यांनाच तसं वाटतं. मलाही वाटायचं. आमच्या बराकीत एक मास्तर होता, त्याने सांगितलं होतं."

शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही अर्ज भरला. सहीच्या जागी मी सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. त्याने ते बाजूला ठेवलं, माझं पेन घेतलं आणि नाव, वडलांचं नाव, आडनाव असं संपूर्ण लिहिलं. एकेक अक्षर सुटं, काना-मात्रेसह. मग विचारलं, "आता मत कसं देतात? मी एकदाच दिलंय. पहिल्याच निवडणुकीत. तेव्हा ज्याची त्याची पेटी वेगळी असायची, आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा." मी त्याला सांगितलं, आता पेटी एकच, कागदावर सगळ्यांची चिन्हं असतात, आपल्याला हव्या त्या चिन्हावर शिक्का मारायचा, घडी घालायची. मी पाटीवर चौकोन काढून दाखवले. त्याने घडी कशी घालायची तेही दोनदा विचारलं.

गोष्ट इथेच संपली असती. पण मेलेल्या चुलतभावाचा धाकटा भाऊ गावातला वजनदार माणूस होता. सगळे त्यांना आबा म्हणत. अर्जाची बातमी त्यांना लागली आणि ते एका संध्याकाळी दुकानात येऊन बसले. मला बाहेर बोलावलं. बोलणं गोड होतं.

"बाई, तुम्ही परगावच्या. तुम्हाला इथलं दुःख माहीत नाही. माझ्या भावाचं नाव ज्या यादीतून गेलं, त्या यादीत त्याला मारणाऱ्याचं नाव चढवायचं, हे तुमच्या मनाला पटतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर आजही सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणाले, "आबा, नियम तसा आहे."

"बघू," म्हणून ते उठले. घरमालकीणबाई रात्री भाकरी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही कशाला मध्ये पडता? वर्ष-दोन वर्षांनी जाल निघून."

आबांनी हरकत घेतली. खुनाचं कारण चालणार नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी लिहून दिलं, की हा माणूस आमच्या गावचा रहिवासीच नाही, तो बोदवडला बहिणीकडे राहतो, इथे अधूनमधून येतो. बोदवडला तो काही महिने राहिला होता, हे खरंच होतं. त्यामुळे हरकतीत दम होता. चौकशीची तारीख पडली आणि मलाही बोलावणं आलं.

कचेरीत नायब तहसीलदार टेबलामागे बसले होते, शेजारी भाऊसाहेब लिहून घ्यायला. आबांनी तीन साक्षीदार आणले होते. दोघे त्यांच्याच भावकीतले. त्यांनी पढवल्यासारखं सांगितलं, की हा बोदवडला राहतो. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की याद्या करायला गेले त्या दिवशी मी त्याला अंगणात पाहिला. "एकदाच?" साहेबांनी विचारलं. एकदाच, त्यानंतर शाळेत. साहेबांनी मान हलवली. माझ्या साक्षीने फारसं काही झालं नाही, हे मलाही कळलं.

तिसरी साक्षीदार म्हणून उभी राहिली ती मेलेल्या माणसाची बायको, आबांच्याच घरात राहणारी त्यांची वहिनी. पस्तिशी-चाळिशीची, पदर कपाळापर्यंत ओढलेला. दुकानात तिची भेट व्हायची, मी तिला अक्का म्हणायचे. तिची मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून शिकून गेली होती. तो माणूस भिंतीशी उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हा माणूस कुठं राहतो?"

आबा खाकरले.

"आमना गावमा," ती म्हणाली.

"वहिनी!" आबा म्हणाले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "कधीपासून?"

"दोन दिवाया व्हई गयात." दोन दिवाळ्या, भाऊसाहेबांनी लिहून घेतलं.

"तुला कसं माहीत?"

"माले पानीले त्याना दारवरथीन जानं पडस. रोज सकाय त्याले देखस आन् मी तोंड फिराई लेस." मग तिने पहिल्यांदाच मान वर केली. "तो आठे नही ऱ्हाता, तर मी रोज तोंड कसाले फिरावतू?"

साहेब बाहेरगावचे होते. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी सांगितलं, "म्हणते, रोज सकाळी पाण्याला जाताना त्याच्या दारावरून जावं लागतं. त्याला बघून तोंड फिरवते. तो इथे राहत नसता तर तोंड कशाला फिरवलं असतं?"

साहेबांनी जरा हळू आवाजात विचारलं, "गेला तो तुझाच नवरा ना?"

"हां."

"मग तू याला माफ केलंस?"

"नही," ती तटकन म्हणाली. "जीव शे तोवर नही करसू. पन तुम्ही इचारं कोठे राहस. तर तो आमनाच गावमा राहस. खोटं नही बोलसू मी."

भाऊसाहेबांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. हरकत फेटाळली.

परतीच्या गाडीत आम्ही सगळे एकत्रच होतो, दुसरी गाडीच नव्हती. आबा पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसले. तो माणूस बसायला जागा असूनही शेवटपर्यंत मागच्या दारापाशी दांडीला धरून उभा राहिला. अक्का माझ्याशेजारी बसली. घरी काय वाट्याला येणार, हे तिला माहीत होतं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "अक्का, भीती नाही वाटली?"

"वाटनी," ती म्हणाली. मग तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. खून झाला तेव्हा ती बाळंतीण होती, मुलगी आठ दिवसांची. पोलीस आले, पंचनामा झाला, धुळ्याला खटला चालला. सगळं पुरुषांनी केलं. तिचा नवरा कसा होता, भांडण आधीपासून होतं का, आता तिचं काय, हे कुणीही कधीच तिला विचारलं नाही. आज पहिल्यांदा एका साहेबाने तिला खुर्चीसमोर उभं करून एक गोष्ट विचारली आणि ती जे बोलली ते कागदावर लिहून घेतलं. "आन् ते पन खोटं लिखाडू?" ती म्हणाली. पहिल्यांदाच कुणी आपलं म्हणणं लिहून घेतंय, आणि तेच खोटं सांगायचं? तिच्याच्याने ते झालं नाही.

आठवड्याभरात आबांनी तिची चूल वेगळी केली. मागच्या दोन खोल्या तिला दिल्या आणि बोलणं टाकलं. ती मुलीसह तिथे राहिली. मी तिच्याकडे जात असे. ती कधी तक्रार करायची नाही, पण वेगळं झाल्यावर ती जरा मोकळी हसायला लागली, असं मला वाटे. कदाचित तसं मानलं म्हणजे मला बरं वाटत असेल.

मतदानाच्या दिवशी उन्हं तापायला लागली होती. केंद्र आमच्याच शाळेत. मी लवकर गेले तर पुरुषांच्या रांगेत तो सगळ्यात पुढे, धुतलेलं धोतर, टोपी नवी. त्याच्या मागचा माणूस उगाचच दोन हात अंतर राखून उभा होता. दाराशी खाकी कपड्यातला शिपाई दिसताच तो थबकला. टोपी काढून हातात घेतली, पाय जुळवले आणि नजर जमिनीवर लावून उभा राहिला. शिपाई पोरसवदा होता. त्याला काही कळलं नाही. "काका, चला की आत," तो म्हणाला.

बायकांची रांग खिडकीला लागून होती. आतल्या माणसाने यादीतून त्याचं नाव मोठ्याने वाचलेलं मला ऐकू आलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव. "हजर!" तो इतक्या जोरात म्हणाला, की आतले लोक हसले. तोही हसला असावा, कारण बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता. मला पाहून त्याने नमस्कार केला आणि वडाखाली जाऊन बसला. मी मत देऊन आले तरी तिथेच होता. उन्हं डोक्यावर येईपर्यंत तो तिथे बसून येणारी-जाणारी माणसं बघत होता. त्या दिवशी तीन-चार जण तरी त्याच्याशेजारी टेकले, तंबाखू मळली, उमेदवारांवर बोलले. दोन वर्षांत गावात हे झालं नव्हतं, असं मला मुख्याध्यापक म्हणाले. ते खरं की त्यांची अतिशयोक्ती, मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये माझी बदली झाली. यात आबांचा हात होता, असं सगळे म्हणत. असेलही. पण बदली झाली ती नशिराबादला, जळगावच्या जवळच, घरून येऊन-जाऊन करता येईल अशी. मी मनातल्या मनात त्यांचे आभारच मानले.

निघायच्या आधी निरोप घ्यायला कुंभारगल्लीतल्या त्या घरी गेले. ओसरीवर दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते. दोघांनीही मला चहा घ्या म्हटलं, पण आपसात एक शब्द नाही. मी भावजयीकडे स्वयंपाकघरात गेले आणि हळूच विचारलं, काय झालं.

तिने कपाळाला हात लावला. तालुक्याच्या आमदारावरून आदल्या रात्री पुन्हा दोघांचं वाजलं होतं. धाकट्याने एकाला मत दिलेलं, थोरल्याने दुसऱ्याला. निवडणूक होऊन तीन महिने झाले तरी रोज जेवताना वाद. पूर्वी मोठे दीर ताटावरून उठेपर्यंत तोंड उघडत नसत. आता पेपर वाचून धाकट्याला मुद्दे काढून दाखवतात आणि धाकटा ताट सरकवून उठतो.

"बाई," ती चहा गाळत म्हणाली, "तुम्हीच त्यासनं नाव लिखं. आते तुम्हीच त्यासले समजाडा."